पुढचं डावं चाक

४ फेब्रुवारी

ब्रेक आजही वाजले! चौकात ब्रेकवर पाय ठेवला मात्र — कीऽऽऽ! रस्त्यावरची माणसं वळून बघतात, जणू मी कुणाचं शेपूट चिरडलंय. हे शेजारच्या सीटवर. रागाने म्हणाले, "सोमवार!"

अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांच्या तोंडात हा एकच शब्द उरलाय. पाणी हवं — सोमवार. पंखा बंद कर — सोमवार. लेकीचा फोन आला की रडत रडत सोमवार. उजवा हात, उजवा पाय लाकडासारखे. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणतात, असं होतं, एखादाच शब्द अडकून बसतो. जगातले सगळे शब्द सोडून सोमवारच का अडकावा? माझं नाव का नाही?

६ फेब्रुवारी

भावोजी येऊन गेले. थोरल्या भावाच्या समोर बसून मला म्हणतात, "वहिनी, गाडी काढून टाका. कोण चालवणार आता? आणि त्याला काही कळत नाही, उगाच तिकडे ने, इकडे ने. टीव्ही लावून द्यायचा, बसेल."

मी म्हटलं, "मी चालवते ना."

"तुम्ही चालवता ते सगळ्या गल्लीला ऐकू येतं!" — हसले. मीही हसले. हे खिडकीकडे बघत होते.

७ फेब्रुवारी

गॅरेजवाल्याला फोन केला. ताडमाड उंच आहे, हे त्याला पूर्वीपासून लंबू म्हणतात. तो म्हणाला, "ताई, साहेब दवाखान्यात होते तेव्हा गाडी उभीच होती ना? ब्रेकच्या डिस्कवर गंज चढला असेल. चालवा चार दिवस, घासून जाईल."

मी आयुष्यभर पडदे शिवले. मला मशीनचं कळतं, गाडीचं नाही. गाडी हे ह्यांचं खातं. नोकरी टपालात, जीव गाडीत. मी नुसतं दार जोरात लावलं तरी चेहरा असा करायचे, जणू कुणी थोबाडीत मारली!

१० फेब्रुवारी

गंज नव्हे. वाढलंय उलट.

११ फेब्रुवारी

गाडी लंबूकडे नेली. तो म्हणाला, ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघतो, हातात कामं फार आहेत. पुढच्या आठवड्यात! मग बाईंकडे जायचं कसं? भाड्याच्या गाडीवाले चाकाची खुर्ची बघितली की "दुसरी बघा" म्हणतात. एकदा ठरलेला वार चुकला तर बाई दुसऱ्याला देतील, वाट बघणारे पुष्कळ आहेत.

आणि ह्यांनी डाव्या हाताने हँडब्रेक असा घट्ट धरला, की सोडेचनात. लंबू खिडकीतून वाकून म्हणाला, "साहेब, मी खाणार आहे का तुमची गाडी?" — "सोमवार!" — आजूबाजूचे हसले. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लंबूलाही वाटलं असावं. म्हणाला, "ताई, तुम्हीच का नाही बघत? साहेब घरीच करायचे. ब्रेकचे पॅड मी देतो, अडलं तर फोन करा. फक्त एक ऐका. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. खाली स्टँड लावा."

१३ फेब्रुवारी

केलं! म्हणजे अर्धं.

इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये ह्यांना खुर्चीत बसवलं, गुडघ्यावर शाल. मी उजवीकडच्या चाकाकडे निघाले तर "सोमवार, सोमवार" — डावा हात दुसरीकडे. म्हटलं बरं बाबा, डावं तर डावं. हे त्याच चाकाच्या वर बसतात, त्यांनाच जास्त ऐकू येणार.

नट सुटेचनात. शेवटी पान्यावर उभी राहिले, दोन्ही पायांनी! वरच्या मजल्यावरच्या बाई बघत होत्या. बघा म्हटलं.

चाक निघालं. आत चकचकीत डिस्क, आणि तिला चिमट्यासारखं धरणारं लोखंडी धूड, त्याला कॅलिपर म्हणतात. त्यात दोन पॅड, एक बाहेरच्या अंगाला, एक आतल्या. बाहेरचं चांगलं जाड. आतलं — अगदी जुन्या विजारीच्या गुडघ्यासारखं! त्याचा घासायचा मसाला संपला होता आणि त्याच्या कडेची पत्र्याची जीभ डिस्कला घासत होती. लंबू फोनवर म्हणाला, ती मुद्दामच ठेवलेली असते, पॅड संपलं की ओरडायला. "पण एकच का संपलं ते बघा. पिन हलते का?"

नाही हलत. कॅलिपर ज्या पिनेवर मागेपुढे सरकायचं, तीच गंजून बसलेली. त्यामुळे एकच अंग दाबत राहिलं, एकटंच झिजलं.

मी ते पॅड हातात घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. ह्यांनी हळूच म्हटलं, "सोमवार?" मी म्हटलं, काही नाही हो. डोळ्यांत कचरा गेला.

१४ फेब्रुवारी

हाताचं ग्रीस अजून निघालेलं नाही. तरी लिहिते.

पिन घासून स्वच्छ केली, ब्रेकचंच वेगळं ग्रीस येतं ते लावलं. नव्या पॅडसाठी कॅलिपरमधला, पॅडला दाबणारा दट्ट्या मागे ढकलावा लागतो, तो सुताराच्या शिकंज्याने ढकलला. दुसऱ्या बाजूचेही पॅड बदलले. शिवण उसवून पुन्हा घालण्यापेक्षा सोपंच! चाकं चढवली, जॅक काढला. मी फुशारले होते. म्हटलं, गेटपर्यंत एक चक्कर मारते. गेटापुढे लगेच रस्त्यावरचा उतार.

गाडी सुरू केली, तर ह्यांनी आकांत मांडला. "सोमवार! सोमवार! सोमवार!" डावा हात खुर्चीवर आपटतायत, चेहरा लालबुंद. मला वाटलं, एकटं सोडून जाते म्हणून. मी काच खाली करून ओरडले, "गप्प बसा हो जरा! कंटाळले मी!"

ते गप्प झाले. पण डावा पाय थांबेना. खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर — दाब, सोड. दाब, सोड. माझ्याकडे बघत. दाब, सोड.

मी ब्रेकवर पाय ठेवला. पेडल लोण्यात गेल्यासारखं थेट तळाला गेलं.

ब्रेक नव्हतेच! दट्ट्या मागे ढकलला की आधी पेडल दाबून दाबून त्याला पुढे आणावं लागतं. लंबू सांगायचं विसरला. मी दाबत राहिले, हळूहळू पेडल घट्ट झालं. इंजिन बंद केलं. उतरून ह्यांच्या खुर्चीजवळ फरशीवरच बसले. ग्रीसच्या हातांनी त्यांचा पाय धरला. ह्यांना सगळं कळतं. सगळं! पूर्वीचेच हे, जसेच्या तसे आत बसलेत.

१५ फेब्रुवारी

आनंद व्हायला हवा होता. दिवसभर एकच डोक्यात — त्यांच्यासमोर आम्ही काय काय बोललो! टीव्ही लावून द्या. गाडी काढा. लेक म्हणाली होती, आई, बाबा आता बाबा राहिले नाहीत गं. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. आणि कालचं माझंच. कंटाळले मी.

माफी मागितली. "सोमवार," म्हणाले. कुठल्या अर्थाने, कळलं नाही.

१७ फेब्रुवारी

आज खरोखरच सोमवार. त्यांना तसं सांगितलं तर अर्ध्या तोंडाने हसले!

नवे पॅड बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर नेलं. वेग घ्यायचा, हलकेच दाबायचं, पुन्हा वेग. आवाज नाही. अजिबात नाही. काच खाली होती, वारा येत होता. येताना बाईंकडे गेलो, त्यांना पेडलची सगळी हकीकत सांगितली. त्या लिहिता लिहिता थांबल्या.

२० फेब्रुवारी

बाईंनी सगळं पुन्हा तपासलं. आधी "कप कुठला, कुत्रा कुठला" अशी चित्रं दाखवायच्या तर हे डोळे मिटून घ्यायचे. मला विचाराल तर अपमान वाटत असणार! आज सांगितलं, बाकी काही नको, ब्रेक कसा दुरुस्त करतात त्याची चित्रं क्रमाने लावा. डाव्या हाताने एकेक लावलं. एकही चुकलं नाही.

बाई म्हणाल्या, "भाषा आत आहे. तोंडापर्यंतची वाट बंद आहे." एक पाटी दिली — अक्षरं, काना, मात्रा, सगळं छापलेलं. बोट ठेवून लिहायचं.

लेकीला कळवलं. ती हमसून हमसून रडली. म्हणाली, बाबांचा पहिला शब्द मला लगेच सांग.

२२ फेब्रुवारी

आज दुपारी पाटी मांडीवर ठेवली. बोट हळूहळू सरकलं. 'प'वर आलं. मग उकारावर. त्यांना घाम फुटला. मला कुठला धीर! मी म्हटलं, "पुढे? पुढे काय करायचं, असं?"

मान हलवली — नाही. बोट 'र'वर नेलं. मग मात्रेवर.

पुरे.

"काय पुरे? पाटी? व्यायाम? की सूप नको?"

तिन्हींनाही मान हलवली — नाही. बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं, माझ्याकडे बघत. शांत. पुन्हा तीच अक्षरं दाखवली, सावकाश, मला नीट वाचता यावं म्हणून.

लेकीचा फोन वाजत होता. उचलला नाही.