अक्कलदाढ आणि मोटारसायकल

४ तारीख, मंगळवार

आणि वर म्हणे, "तुझ्या भल्यासाठीच विकली"! वा रे दादा! मोटारसायकल माझी, माझ्या कमाईची, टाकीवरचा पिवळा पट्टा माझ्या हातचा — आणि माझं भलं कशात ते हा ठरवणार! विचारलं का एका शब्दानं? संध्याकाळी कामावरून येऊन बघतो तर भिंतीशी नुसता तेलाचा डाग. त्याच आठवड्यात घर सोडून इकडे आलो.

आज आईशी फोनवर बोलत होतो तर मागून त्याचा आवाज, "त्याला म्हणावं, राग गिळ आता. दीड वर्ष झालं."

नाही गिळणार! नवी घेईन. दोन दिवस दोन रात्री चालवत घरी जाईन, त्याच्या दारात उभी करीन, हॉर्न वाजवीन आणि एक शब्द बोलणार नाही. डब्यात सव्वीस हजार जमलेत.

उजवीकडे खाली, अगदी मागे, हिरडी दुखतेय. कामावर तोंडात धरलेला खिळा टोचला असणार.

५ तारीख, बुधवार

खिळा नाही. सुजलंय. जीभ सारखी तिकडेच जाते. नको म्हटलं की जास्तच जाते.

६ तारीख, गुरुवार

आज इज्जत गेली.

मिस्त्रीच्या हाताखाली सोफे मढवायचे तर खिळे तोंडात धरायचे, ही इथली पद्धत. एका हातात ताणलेलं कापड, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळ्याला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून तोंड. चिमूटभर बारीक खिळे गालात टाकायचे, जिभेनं एकेक वळवून डोकं पुढे आणायचं, हातोडीच्या लोहचुंबकाला लावायचं — ठक! पुढचा. ठक! मला हे यायला चार महिने लागले. दोन खिळे पोटात गेले. (गेले तसे आले. मिस्त्री म्हणाला, मोजून घे.)

तर आज गालात खिळे टाकले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. सगळे थुंकले. मिस्त्री खुर्चीखालून म्हणाला, "काय रे, आज खिळे चावतात का तुला?" आणि माझ्यापुढे वाटी ठेवली. वाटी! नव्या पोराला देतात ती. दीड वर्षानंतर मी वाटीतून एकेक खिळा उचलतोय, जसा काही दाणे टिपतोय.

दिवसाला चार खुर्च्या करायचो. आज दोन. तीही दुसरी उद्या उसवावी लागेल.

७ तारीख, शुक्रवार

टकल्यानं बॅटरी घेऊन तोंडात बघितलं. टकल्या म्हणजे खोळी शिवणारा, माझ्याच खोलीत राहतो. डोक्यावर केसांचं रान आहे तरी टकल्याच, का ते त्यालाही आठवत नाही.

"अरे, ही तर अक्कलदाढ!" खिडकीतून बाहेर ओरडला, "ऐका हो! याला अक्कल येतेय! तेविसाव्या वर्षी का होईना!"

खालून कुणीतरी विचारलं, "किती आली?"

"टोक दिसतंय फक्त!"

हसायला गेलो तर जबड्यातून कानापर्यंत कळ. हसण्याची चोरी झालीय. आणि आमच्या खोलीत दिवसभर दुसरं काय असतं?

त्यानं लवंग दिली. ती झोपेत डाव्या बाजूला गेली. आता डावा गालही बधिर.

९ तारीख, रविवार

तोंडात बोट जाईना. आडवं नाही, उभं नाही. दूध नळीनं प्यायलो. बोलायचं तर दात मिटूनच. टकल्यानं मला "काल कपाटात कात्री कुणी कोंबली" असं म्हणायला लावलं आणि फोनवर भरून घेतलं. नालायक.

मग आईचा फोन. मी "हं, हं" करतोय, तेवढ्यात तिकडे काहीतरी ओढाओढ झाली आणि फोनवर दादा.

ठेवणारच होतो. तर म्हणतो, "बोलू नकोस. पण ठेवूही नकोस. एवढे उपकार कर."

बोलायला तोंड उघडत होतं कुठे!

"ब्रेक नव्हते तिला. तीनदा सांगितलं नीट करून घे. तू म्हणालास, पायानं थांबवतो. पायानं! चपलांचे तळ घासून कागद झाले होते तुझ्या. आई रोज त्या चपला बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. मी काय करायचं, सांग!"

"हं," मी म्हणालो. दुसरं काही निघतच नव्हतं.

"तुझ्यासमोर विकली असती तर तू विकू दिली असतीस?"

"अंहं."

"मग!"

अकरा मिनिटं बोलला. आवाज जड होता, तोंडात सुपारी धरल्यासारखा. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं असेल, एरवी अर्ध्यातच मी सुरू होतो. शेवटी कसा खूश! "कधी नव्हे ते शहाण्यासारखं ऐकलंस बघ."

शहाण्यासारखं! तोंड उघडू दे एकदा. सगळी उत्तरं लिहून ठेवतो — पहिलं : चपला माझ्या होत्या.

(दुसरं सुचलं की लिहीन.)

१० तारीख, सोमवार

मिस्त्रीनं हाताला धरून दातांच्या दवाखान्यात नेलं. म्हणाला, "तुझं तोंड माझं हत्यार आहे. गंजलेलं हत्यार मी ठेवत नाही."

डॉक्टरीणबाई एवढीशी, पण मनगटं सोफ्याच्या स्प्रिंगा बसवणाऱ्याची. पूर्ण जबड्याचा फोटो काढायचा म्हणून एका यंत्रात हनुवटी टेकवली, ते डोक्याभोवती फिरतं. आधी विचारलं, "कानात, तोंडात काही लोखंड?" मी मान हलवली. नाही.

फोटो आला. बाई बघतेय. बराच वेळ बघतेय. मदतनीस मुलीला बोलावलं, तीही बघतेय. मला वाटलं, संपलं, गेलो मी.

"हे काय आहे?"

"खिळा," मी दातांतून म्हणालो.

"कुणाचा?"

"कारखान्याचा."

सकाळी मिस्त्री बघत होता म्हणून वाटी सोडून एकच टाकला होता डाव्या गालात. मग विसरलो. रात्रीच्या लवंगेनं गाल बधिर, कळणार कसं? बोटानं ओढून काढला. मिस्त्री बाहेर बसला होता, त्याला तो परत दिला. त्यानं पुसून खिशात टाकला. मदतनीस मुलगी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून हसत होती, खांदे हलत होते.

दाढ तिरकी आहे. पुढच्या दाढेला डोकं टेकून अडकलीय, वर यायला जागाच नाही. हिरडीचं झाकण तिच्यावर अर्धं उघडं पडलंय, त्याखाली अन्न अडकतं, कुजतं, मग पू. बाईनं पिचकारीनं आतून धुतलं. चव कशी होती ते लिहीत नाही. वहीलाही काही मान आहे.

गोळ्या पाच दिवस. कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या. सूज उतरली की दाढ काढायची. आणि चष्मा काढून म्हणाली, "हे हसण्यावारी नेऊ नका. गिळताना दुखलं, ताप आला, जबड्याखाली सूज उतरली तर उद्या बघू म्हणायचं नाही. त्याच तासाला यायचं. गळा बंद होतो, माणूस जातो यात."

चौदाशे गेले. मोटारसायकलीचं एक चाक.

१२ तारीख, बुधवार

उभं बोट गेलं! टकल्यानं टाळ्या वाजवल्या.

१४ तारीख, शुक्रवार

दीड बोट. भात चावून खाल्ला. भातात चावण्यासारखं एवढं काय असतं हे आज कळलं.

जेवणाच्या सुट्टीत टकल्यानं सगळ्यांना ती कात्री ऐकवली. "काल कपाटात कात्री कुणी कोंबली." लोक लोळले. मिस्त्रीनं पुन्हा लावायला सांगितलं. मीही हसत होतो, आणि तिसऱ्यांदा ऐकताना एकदम थांबलो.

दादा. रविवारी फोनवर दादा असाच बोलत होता! सुपारी नाही — दादा सुपारी खात नाही. दात मिटूनच बोलत होता. मी माझ्याच नादात.

छे. असेल काहीतरी. सर्दी असेल.

१६ तारीख, रविवार

पुतणीनं फोन उचलला. सहा वर्षांची आहे, तिचा पुढचा दात पडलाय. "काका, माझा पडला आणि तुला आला. माझाच तुला लागला का?"

"लागला ना. पण लहान होतोय मला."

मग म्हटलं, "बाबा काय करतो गं?"

"बाबा दुधात बुडवून खातो सगळं. एकाच बाजूनं खातो. मला म्हणाला आईला सांगू नको." आणि वर, "काकाला सांगू नको असं नाही म्हणाला."

हुशार आहे. आमच्या घरातली वाटत नाही.

१८ तारीख, मंगळवार

फोन मी केला. दीड वर्षांनी. स्वतः.

"तोंडात बोट घाल," मी म्हटलं.

"कोण बोलतंय?"

"तुझा भाऊ बोलतोय. बोट घाल तोंडात. किती जातात?"

"…दोन."

"खोटं!"

"एक."

"आडवं की उभं?"

तो नुसता खाकरला.

"दादा, दवाखान्यात जा. आज."

"तू मला अक्कल शिकवणार आता?"

"मला आलीय ती! उजवीकडे खाली! सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे!"

त्याला हसू आलं आणि लगेच "आई गं!" म्हणून कण्हला. मला इतकं बरं वाटलं! आणि इतकं वाईट.

म्हणतो, महिनाअखेरीला बघू, आता हात आखडता आहे. थापा! सुईला घाबरतो तो. शाळेत टोचायला आले होते तेव्हा दादा — सगळ्या गल्लीला दम देणारा दादा — खिडकीतून उडी मारून पळाला होता. मी सहा वर्षांचा, खाली उभा राहून त्याच्या चपला झेलल्या होत्या. कुणाला सांगितलं नाही आजवर. आज त्याला आठवण करून दिली.

"ते अजून लक्षात आहे तुझ्या?"

"ते मरेपर्यंत लक्षात ठेवणार आहे."

बाईनं सांगितलेलं सगळं शब्दाला शब्द सांगितलं. ताप, गिळणं, जबड्याखालची सूज. ऐकून घेतलं. "जातो उद्या," म्हणाला. मोटारसायकलीचा विषय दोघांनीही काढला नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

१९ तारीख, बुधवार

आज खिळे गालात! डाव्या. ठक, ठक, ठक! तीन खुर्च्या. मिस्त्रीनं वाटी उचलून नेली.

आणि येताना गॅरेजवर ती दिसली. लाल. जुनी आहे पण नवरीसारखी पुसून ठेवलीय. ब्रेक दोन्ही धरून बघितले — लागतात! गॅरेजवाला म्हणाला, "चोवीस आत्ता ठेव, बाकीचे चार महिन्यांत दे. शनिवारी येऊन घेऊन जा." चावी माझ्या हातात दिली नुसती धरायला. बराच वेळ धरली.

२० तारीख, गुरुवार

दादा म्हणतो, "जाऊन आलो." वहिनीला विचारलं. दवाखान्याच्या पायरीवरून परत आला. "गर्दी होती म्हणे."

त्याला फोन लावला. उचलला नाही.

पुन्हा लावला. पुतणीनं उचलून सांगितलं, "बाबा म्हणतो बाबा घरात नाही."

२१ तारीख, शुक्रवार

उद्या लाल! टकल्या मागे बसणार, नदीपर्यंत जाऊन यायचं ठरलंय. त्याला म्हटलं, हेल्मेट तुझ्या त्या रानावर बसणार कसं? म्हणाला, आज रात्री कापतो, मग नाव तरी खरं होईल.

संध्याकाळी दादाला पुन्हा लावला. उचलला, पण बोलेना. नुसता श्वास. मग वहिनी म्हणाली, अंग गरम आहे, पण ऐकतील तर ना, तुमचेच भाऊ ते. तिलाही सांगितलं, जबड्याखाली सूज उतरली तर त्याच तासाला उचलून न्या.

२२ तारीख, शनिवार

सकाळी सातला वहिनीचा फोन. रात्रीतून सूज जबड्याखाली उतरली, पाणी गिळेना. तिनं आणि आईनं दोन्ही दंड धरून रिक्षात घातला. भरती केलंय. दुपारी चिरा देऊन पू काढणार, मग दाढ. वेळेत आणलं म्हणाले डॉक्टर. तास मोजून आणलंत, कुणी सांगितलं होतं का तुम्हाला, असं विचारलं. वहिनी म्हणाली, दिरानं. आणि रडायला लागली.

दादाला बोलता येत नाही. कागदावर लिहून दिलंय — धाकट्याकडे पैसे मागायचे नाहीत, त्याची गाडी यायची आहे.

ती गाडीची गोष्ट त्याला पुतणीनं सांगितली असणार, परवा फोनवर तिला बोललो होतो.

डबा उलटा केला. पाठवतोय — चोवीस हजार सहाशे.