छपरातल्या भोकाची व इतर मालमत्तेची व्यवस्था

वादळाने घर मोडलं, पण माझं आयुष्य त्या दिवशी बदललं नाही. ते बदललं त्यानंतर अठराव्या दिवशी, सकाळी साडेदहाला. मी पहार घेऊन शिडीवर चढलो आणि बाबांनी नुकतंच दुरुस्त केलेलं छप्पर स्वतःच्या हाताने उचकटलं. त्याला आज दोनशे सहा दिवस झाले. कॉलेजची एक चक्कर सोडली तर इतके दिवस मी या दारापासून हाकेच्या पलीकडे गेलेलो नाही.

सबब मी, या घराचा सरकारदरबारी नोंदलेला 'अर्जदार व उपस्थित रहिवासी', वय एकवीस, शिक्षण अर्धवट, डोकं गरम पण ठिकाणावर, हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहून ठेवतो. मला कोणी दम दिलेला नाही, गोड बोलून गुंडाळलेलं नाही आणि मी काही प्यायलेलो नाही.

आईसाठी खुलासा: मी मरत नाहीये. रडारड करू नकोस, पुढे वाच.

कलम पहिले. मृत्युपत्र का, त्याबद्दल.

बाबा सुतार आहेत. वादळात मधल्या खोलीवरचे पत्रे आणि चार वासे गेले, मागचं स्वयंपाकघर वाहून गेलं, उत्तरेच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. सगळी गल्ली ताडपत्रीखाली बसून नुकसानीच्या पाहणीची वाट बघत होती. बाबांना ते जमेना. सुताराच्या घरावर ताडपत्री म्हणजे त्यांना उघड्याने बाजारात गेल्यासारखं वाटत होतं. पडक्या गोदामातले वासे आणून त्यांनी चौथ्या दिवशी छप्पर घातलं. नवव्या दिवशी पाहणीवाला आला. गाडीतून न उतरताच वर बघून म्हणाला, "वा मिस्त्री, घर ठणठणीत आहे की!" कागदावरही तेच लिहिलं. कौतुक झालं म्हणून बाबांनी खाली सही ठोकली. त्या सहीत भेगही ठणठणीत झाली आणि नसलेलं स्वयंपाकघरही.

फेरपाहणीचा अर्ज करायला बाबा तयार होईनात. "माझ्या हातचं छप्पर मोडकं आहे असं मी लिहून देणार नाही." मग अर्ज मी केला, माझ्या नावाने. मदत कार्यालयातला कारकून म्हणाला, नुकसान डोळ्यांना दिसलं पाहिजे. मी ते दिसेल असं केलं. बाबा खाली उभे राहून बघत होते. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

फेरपाहणीचे नियम दोन. पाहणी होईपर्यंत नुकसानीला हात लावायचा नाही, आणि पाहणीवाला कधीही आला तरी अर्जदार घरात सापडला पाहिजे. दार बंद दिसलं की फाईल ढिगाच्या तळाला.

परवा कारकुनाला फोन केला. म्हटलं, "मला बाहेरगावी जायचंय. अर्जदार म्हणून आईचं नाव लावा."

"अर्जदार बदलत नसतो."

"कधीच नाही?"

"मेला तर बदलतो. मृत्युपत्र असलं तर लगेच, नसलं तर वारसदाखला आणा."

"मग मृत्युपत्र पाठवतो."

"आधी मर तर खरं," म्हणाला, आणि त्याच्या शेजारचेही हसले. मी फोन भिंतीवर आपटला. फोन माझाच होता हे नंतर लक्षात आलं.

कलम दुसरे. जंगम मालमत्ता.

सदर फोन, तडकलेल्या काचेसह, धाकट्या बहिणीला. आवाज येतो, चेहरा दिसत नाही. तिच्या मैत्रिणी बघता तेवढं पुरे आहे.

कॉलेजची पुस्तकं तिलाच. समासात एक नाव पुन्हा पुन्हा लिहिलेलं आढळेल, ते खोडू नये. प्राचार्यांना काहीही देऊ नये. मी घरी हजेरी लावत बसलो म्हणून तिथली हजेरी कमी पडली, तेव्हा ते म्हणाले, "वादळ सगळ्यांकडेच आलं होतं." मी हजेरीपट खिडकीतून भिरकावला. त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही. फक्त खाली कोण होतं ते बघायला हवं होतं.

दाराजवळची खुर्ची कोणालाच नाही. तिचा जळणासाठी उपयोग करावा. या खुर्चीवरून गल्लीतली प्रत्येक मोटारसायकल मी आवाजावरून ओळखायला शिकलो. अंघोळीला गेलो तर आई दाराशी पहारा द्यायची, आणि कोणी नुसतं खाकरलं तरी मी साबणासकट बाहेर. केसही आईनेच कापले, याच खुर्चीत. वर भोक, समोर दार, मधे मी. रात्री ताडपत्री फडफडते, ती मात्र पाऊस आला की ओढायची परवानगी आहे. तरी पाणी येतंच. आईचा पलंग चार कोपऱ्यांत फिरून पुन्हा पहिल्या कोपऱ्यात आला आहे, आणि तिचा खोकला तिच्याबरोबर फिरतो.

कलम तिसरे. तिच्याबद्दल.

तिचं नाव इथे लिहीत नाही, हा कागद कारकून वाचणार आहे. प्रयोगशाळेत आमचं टेबल एक होतं. वादळात त्यांची भाड्याची खोली गेली आणि ते सगळे चार तासांवरच्या गावी गेले. ती तिथे चष्म्याच्या दुकानात काम करते. एकदा येऊन गेली. या खोलीत बसली होती, अंगावर वरून चौकोनी ऊन पडलं होतं, आणि देवाशपथ, त्या दिवशी मला भोक फोडल्याचं समाधान वाटलं.

"कधी येणार तू?" तिने विचारलं.

"पाहणी झाली की."

"आणि ती कधी होणार?"

"याच आठवड्यात."

"एकोणीस आठवडे हेच ऐकतेय. तू भोक राखत बस बाबा. मला माणसाशी लग्न करायचंय, वॉचमनशी नाही."

मी ओरडलो. घराचं काय, आईचं काय, तुला काय कळतंय. ती शांतपणे चपला घालून निघाली. चौकापर्यंत पोचवायलाही गेलो नाही, कारण चौकातून दार दिसत नाही.

गेल्या सोमवारी तिचा निरोप आला. दुकानाची नवी शाखा आणखी लांब निघते आहे, ती उद्या, रविवारी, सकाळच्या गाडीने तिकडे जाणार. "यायचं तर ये. मी वाट बघणार नाही, ते तुझं खातं."

तिच्या नावे: मी स्वतः, आहे त्या स्थितीत. स्वीकारावं की परत पाठवावं हा सर्वस्वी तिचा अधिकार. कोणी हरकत घेऊ नये.

कलम चौथे. छपरातलं भोक.

हे कलम मी सहा वेळा लिहून फाडलं.

बाबांचा धंद्यातला एक नेम आहे. दुसऱ्याने हात घातलेल्या कामाला, त्याने होऊन सोपवल्याशिवाय, शिवायचं नाही. खिळासुद्धा मारायचा नाही. आई त्यांना कितीदा म्हणाली, बुजवा हो ते. त्यांचं उत्तर एकच, "काम त्याचं आहे." ते हट्टाने बोलतात असं मी समजत होतो. मला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं, आणि दोनशे सहा दिवस ते तोंडातून निघालं नाही. पाहणीवाला येईल, मी बरोबर ठरेन, मग म्हणेन, असं चाललं होतं.

पाहणीवाला येणार नाही. आला तरी मी बरोबर ठरणार नाही.

तरी छपराचं काम, भोकासकट, मी बाबांना सोपवतो. बुजवावं. फाईल मिटली तर मिटू दे. उत्तरेच्या भिंतीचं आणि स्वयंपाकघराचं जमेल तसं मी बाहेरून बघेन, हे वचन समजावं. कारकून "आधी मर" म्हणाला तर सांगावं, अर्जदार मेला आहे, माणूस कामाला गेला आहे.

हे कलम मी मोठ्याने वाचलं. बाबा ओट्यावर रंधा मारत होते. रंधा थांबला. आत आले, वर बघितलं आणि म्हणाले, "माप लिही."

"काय?"

"काम सोपवतोस ना? मापाशिवाय काम घेत नाही मी."

"अकरा फूट बाय सात."

"साडेबारा. रोज खालून बघतोय."

खोडून दुरुस्त केलं: साडेबारा फूट बाय सात. खाडाखोड मान्य.

साक्षीदार पहिला: समोरचा इस्त्रीवाला. माझा निळा शर्ट कडक इस्त्री करून घेऊन आला. "मृत्युपत्रावर सही करतोय की लग्नपत्रिकेवर?" विचारत सही केली.

साक्षीदार दुसरी: त्याची बायको. तिने पूर्ण वाचलं, मग सही केली.

लिहून ठेवणार: (सही)

ठिकाण: मधली खोली. दिनांक: वादळानंतरचा दोनशे चोविसावा दिवस, शनिवार, दुपार.

ता.क. बाबांनी शिडी लावली. मी धरायला गेलो तर म्हणाले, "आई धरेल. तुझी गाडी चुकेल." आईने ट्रंकेतला स्वेटर पिशवीत कोंबला, तिकडे थंडी आहे की नाही हे तिला माहीत नसताना. वरून पहिला खिळा ठोकल्याचा आवाज आला. हे शेवटचं उंबऱ्याबाहेर उभं राहून, दाराच्या फळीवर कागद टेकवून लिहितोय. कागद आत सरकवतो. दार बाहेरून ओढून घेतो.