बुरशीची वीट

२ तारीख, सोमवार
आजपासून नवं आयुष्य. कॉलेज मी अर्ध्यात सोडलं, पण विज्ञानाने मला सोडलेलं नाही. शाळेच्या लॅबमध्ये मदतनीस, ही नुसती सुरुवात. बुरशीपासून विटा करायचं नवं संशोधन चाललंय, तो प्रयोग विज्ञानाच्या मॅडम सातवीला करून दाखवणार. दुसरी बुरशी मरावी म्हणून भुसा उकळायचा, गार झाला की बुरशीचं बियाणं मिसळायचं, पिशवी घट्ट बंद. काम माझ्याकडे. किती विश्वास! मॅडमना पत्र लिहायचं ठरवलं.

३ तारीख
भुसा उकळला नाही. जंगलात कोण उकळतं? पंधरा पिशव्या सातवीच्या वर्गात, मॅडमच्या टेबलामागच्या कपाटात. आता आत जायला रोज कारण.

९ तारीख
बुरशी पांढरी यायची, हिरवी आली. म्हणजे जोमदार. मोकळी हवा मिळावी म्हणून पिशव्यांची तोंडं उघडली. शिपाईकाका म्हणाले, काहीतरी मेलंय आत. मी म्हटलं, काका, तुम्ही घंटा सांभाळा.
पत्र: 'प्रिय' पर्यंत झालं.

१२ तारीख
मी जाऊन कपाट उघडलं आणि मॅडम खोकल्या. चार वेळा. मी कपाट लावून बाहेर, खोकला बंद. लाजलं की घसा कोरडा पडतो, स्वतःवरून सांगतो.

१३ तारीख
आज नऊ वेळा. मग पर्समधून छोटी बाटली काढून तोंडात फवारली. माझ्यासमोर सुगंध!

१७ तारीख
कपाटामागे भिंतीवर हिरवा डाग, तळहाताएवढा. पुसला. दुपारी दोन तळहात. मॅडमचा आवाज बसलाय, फळ्यावर लिहून शिकवतात. काका म्हणाले, कपाट बाहेर काढू. डोकं फिरलं. किल्ली खिशात टाकली, म्हटलं हात लावून दाखवा.

१९ तारीख
सातवीतल्या चष्मिसने खडू द्यायला वर्गात बोलावलं. मॅडम अजिबात खोकल्या नाहीत. भांडण झालं की काय आमचं?

२० तारीख
किल्ली माझ्याकडेच, पण डाग छतापर्यंत. मॅडम रजेवर. आई म्हणाली, शर्टाला कसला रे कुबट वास? रात्रभर मीही खोकलो. म्हणजे दोन्हीकडून आहे.

२४ तारीख, सकाळी
सातवीने भिंतीवर आलेख लावलाय. मला न विचारता! आडव्या रेषेवर कपाटापासूनचं अंतर, उभ्या रेषेवर तासाला किती खोकले. पहिला बाक सोळा, शेवटचा एक. कपाट उघडलं ते तास लाल. मी चष्मिसला दरडावून विचारलं, आणि मी आत आलो की मॅडम खोकतात, ते कुठाय? ती म्हणाली, दादा, ते पण तपासलं. म्हणून तर तुम्हाला खडू आणायला लावला. कपाट बंद, तुम्ही आत. शून्य.
टोक केलेल्या पेन्सिलीने काढलेलं शून्य. पाहिलं मी.

२४ तारीख, दुपारी
मॅडम दवाखान्यात आहेत, श्वास लागलाय, नळी लावलीय. हेडसर आले. ओरडले नाहीत. म्हणाले, डॉक्टर विचारतायत, पिशव्यांमध्ये नक्की काय होतं, काय केलं आणि काय नाही. लिहून द्या, आत्ता. काका दारात उभे. मी त्यांना किल्ली दिली.
'प्रिय' खोडलं. त्याच कागदावर लिहिलं. बावीस दिवस जमत नव्हतं, एका ओळीत जमलं.
भुसा उकळला नव्हता.