पूर्ण एक मिनिट

वायपाहू, ओआहू, हवाई
सोमवार, १४ ऑक्टोबर २०१९

प्रिय मानांग सालुद,

देवाच्या कृपेने आम्ही इथे खुशाल आहोत. तुम्हीही सगळे खुशाल असाल असं धरून चालते. आपल्या तातांगबाबांचा गुडघा कसा आहे? तुझे धाकटे दोघे आता तुझ्या खांद्याला लागले असतील. लसणीचे वाफे या वर्षी वेळेवर झाले का?

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर. माझ्या बेनीचा मावसभाऊ पुढच्या आठवड्यात आपल्या गावी, नार्वाकानला येतोय. त्याच्या पेटीत कॉफीच्या डब्यांखाली हे पाकीट असेल. मागच्या पेटीतलं सगळं सामान तू शेजारीपाजारी वाटून टाकलंस हे माझ्या कानावर आलंय. याही वेळी वाटून टाक, माझी काही हरकत नाही. एवढं पाकीट मात्र ठेव आणि वाच.

बातमी अशी की मी परीक्षेला बसतेय. रुग्णांच्या मदतनिसाची परीक्षा. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलवणं, शौचाचं भांडं देणं. हसू नकोस. सोळा वर्षं नर्स असलेली तुझी धाकटी बहीण इथे प्लास्टिकच्या बाहुलीला विचारते, "पाणी फार गरम नाही ना, आजी?" आणि बाहुलीने हो म्हटल्यासारखी मान डोलावते. लुळ्या हाताची बाही आधी घालायची, चांगल्या हाताची नंतर. पलंग खाली करायचा, बोलावण्याची घंटी हाताशी ठेवायची, आणि जे जे करतो ते तोंडाने बोलत राहायचं. आपल्याकडे एवढं बोलत बसलो असतो तर वॉर्डातली पोरं उपाशी राहिली असती.

तू विचारशील, नर्सची परीक्षा का देत नाहीस? सगळेच विचारतात. मी सांगते, कागदपत्रं मनिलात अडकलीत. कागदपत्रं दोन वर्षांपूर्वीच आली. कपाटात आहेत.

बेनीची आत्या लेटी, जिच्या घरात आम्ही पाच म्हाताऱ्यांना सांभाळतो, तिला तर माझं डोकंच फिरलंय असं वाटतं. कारण मी दोनदा नापास झालेय. लेखी पहिल्याच फटक्यात सुटली. अडकते ती हाताने करून दाखवायच्या कामात. "सोळा वर्षं नर्स होतीस म्हणे!" आत्या परवा भाजी निवडता निवडता म्हणाली. "नर्स होतीस की इस्पितळाच्या मागे म्हशी राखत होतीस? माझ्या हाताखालची फ्लोरा सहावी शिकलेली, ती पास झाली!" मी शेवग्याचा पाला ओरबाडत राहिले. शुक्रवारी तिसरी वेळ आहे आणि तीच शेवटची. या वेळी गेली तर वर्ग पुन्हा पहिल्यापासून आणि इथलं काम बंद. दाखला नसेल तर कायद्याने मला कुणाच्या अंगाला हात लावता येणार नाही.

परीक्षेत मोजण्याचं एक काम असतंच. वजन, लघवी, श्वास किंवा नाडी. दोन्ही वेळा माझ्या वाट्याला नाडी आली.

पहिल्या वेळी मी पंधरा सेकंद मोजली, चारने गुणलं आणि लिहिलं, ७६. समोर पलंगावर दुसरी उमेदवार झोपलेली असते आणि तिच्या दुसऱ्या मनगटावर परीक्षक बाई मोजत असतात. त्यांचे ७५ आले होते. बाईंनी कागद पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "तुमचा आकडा बरोबर आहे. पण तुम्ही मोजलं नाहीत. पूर्ण एक मिनिट मोजायचं असतं." मला राग आला. एका नर्समागे तीस मुलं, एका खाटेवर दोन-दोन, कुणाकडे होतं गं मिनिट? पार्किंगमध्ये बसून मी हेच बेनीला ओरडून सांगत होते.

तेव्हापासून सराव करतेय. आमच्या इथे आपो मारियानो आहेत, चौऱ्याण्णव वर्षांचे, जन्म उसाच्या मळ्यात काढलेला माणूस. रोज नाश्त्यानंतर मनगट पुढे करतात. "नाडी बघतेस की लग्नाची मागणी घालतेस? पाद्रीबाबांना सांगून ठेवू का?" मी मोजायला लागते. वीस सेकंद बरं चालतं. तिसाच्या पुढे माझे ओठ कोरडे पडतात. गेल्या मंगळवारी ते वैतागले. "किती वेळ लावतेस! कालचाच आकडा लिहून टाक पोरी. मला काय होतंय?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला आणि परीक्षेत धुतात तसे हात धुतले, दोनदा, तीनदा. आपो बाहेरून हाका मारत होते, "अगं, चेष्टा केली! हात तरी परत दे माझा!"

मानांग, आता मला लिहावंच लागेल.

दुसऱ्या वेळी पलंगावर एकोणीसेक वर्षांची मुलगी होती, बारीक मनगटाची. खोलीतल्या एसीने तिचा हात गार पडला होता. चाळीस सेकंदांपर्यंत मी पोचले आणि पुढे मला आकडेच आठवेनात. परीक्षक बाई वाट बघत होत्या. अंदाजाने ७०-७२ काहीतरी लिहिलं असतं तर बहुतेक खपून गेलं असतं, असे आकडे मी डोळे मिटून लिहू शकते. मी कागद कोराच परत दिला. का, ते आत्याला सांगितलं नाही, नवरा असून बेनीलाही नाही. तुला सांगते.

सहा वर्षांपूर्वी त्या ऑगस्टात डेंग्यूने वॉर्ड भरला होता. तुझ्या जोव्हेलिनचा ताप पहाटे उतरला. सहा वाजता मी तिची नाडी मोजली, ९६. ती खरी होती. दुपारच्या फेरीला मी आले तेव्हा ती झोपली होती आणि तू तिच्या पायाशी बसली होतीस. तू म्हणालीस, "पुरिंग, हिचे पाय गार लागतायत गं."

मी म्हणाले, "ताप उतरला की लागतात. पायमोजे घाल. आणि तू घरी जा बरं, दोन दिवस अंगाला पाणी नाही तुझ्या. मी आहे ना इथे."

"नाडी बघितलीस?"

"बघितली. छान आहे."

तू माझं ऐकलंस, चप्पल घातली आणि गेलीस. चार वाजता ती गेली, तेव्हा तू बसमध्ये होतीस.

दफनाच्या दिवशी तू म्हणालीस, "तू मला घरी पाठवलंस." मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मानांग, नाडी चांगली होती, तक्त्यावर लिहिलंय." तू त्या तक्त्याचं पान मागून घेतलंस. दुपारच्या रकान्यात ९६. माझ्या सुंदर अक्षरात.

मी तिच्या मनगटाला हात लावला नव्हता. पंधरा सेकंदसुद्धा नाही. सकाळचा आकडा पाहिला आणि खाली तोच उतरवला. आम्ही सगळ्याच तसं करायचो, तीस मुलांत झोपलेलं मूल म्हणजे सुटका. त्या वेळी तिची नाडी दोऱ्यासारखी बारीक आणि भरधाव पळत असणार. हे कुठल्याही शिकाऊ मुलीला बोट टेकवल्याबरोबर कळलं असतं. मग डॉक्टरांना हाक मारली असती, सलाईन वाढवलं असतं. वाचली असती की नाही, माहीत नाही. वाचतात पुष्कळ.

चुलतबहीण सांगत होती, तू अजून म्हणतेस की आई असून मी उठून गेले, म्हणून देवाने नेलं. सहा वर्षं मी तुला तसं म्हणू दिलं. तुझ्या त्या वाक्याच्या आड मी लपून राहिले. ऐक, तू गेलीस म्हणून काही झालं नाही. तू विचारलं होतंस. अगदी बरोबर तेच विचारलं होतंस.

इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. पाकीट अजून बंद करत नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

मानांग, काल परीक्षा झाली. चिठ्ठीत पुन्हा नाडी.

पलंगावर पन्नाशीची जाडजूड बाई होती, आमच्याच वर्गातली, समोआची. तिनं डोळा मारला आणि हात पुढे केला. मी बोटं टेकवली, घड्याळाकडे पाहिलं. विसापर्यंत ठीक. तिसाला ओठ सुकले. चाळिसाला जोव्हेलिन आली, येणारच होती, पायमोजे घातलेली. मी तिला नको म्हटलं नाही. तिला समोर ठेवून मोजत राहिले. पन्नास, पंचावन्न. मग घड्याळाचा काटा वर आला आणि संपलं. मी ६८ लिहिलं. परीक्षक बाईंचेही ६८.

पास झाले. आत्याने डुक्कर कापायचं ठरवलंय, गल्लीभर सांगत सुटलीय. आपो मारियानो म्हणाले, "आता तरी हात परत मिळेल."

मी पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले. सहा वर्षं मी स्वतःला सांगत आले की मिनिट फार मोठं असतं, तीस मुलांमागे एक नर्स असलेल्या वॉर्डात ते कुणाकडेच नसतं. म्हणून मी घड्याळ समोर धरलं आणि नुसतीच एक मिनिट बसून राहिले. मानांग, ते एवढंसं असतं गं. बाहेर एका माणसाने गाडीचं दार उघडलं, पिशव्या ठेवल्या, दार लावलं, तेवढ्यात संपलं. तुला पायमोजे घाल, घरी जा, आंघोळ कर, हे सगळं सांगायला मला त्याहून जास्त वेळ लागला होता.

ते माझ्याकडे होतं. मी तिला दिलं नाही.

सोमवारपासून मी दाखला असलेली मदतनीस आहे. आपोंची नाडी रोज पूर्ण मोजेन, पाचही जणांची मोजेन. त्याने काही फिटत नाही हे मला कळतं. क्षमा मागायचं धाडस नाही, म्हणून मागत नाही. ते तक्त्याचं पान तुझ्याकडे अजून असेल, तर दुपारच्या ९६वर काट मार. तिथे काही लिहू नकोस. ती जागा कोरीच होती.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी तिच्यासाठी ताट मांडशील तेव्हा त्यात माझ्या वतीने काही ठेवू नकोस.

पूर्वी पत्राखाली 'तुझी आदिंग' लिहायचे, तुझी धाकटी. तो शब्द तू परत देईपर्यंत नुसतीच,

पुरिंग