पूल वर, पाहुणे पलीकडे

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. जबाबदारीच्या पोस्टवरच्या माणसाने नोंद ठेवायलाच हवी. मी इथे आखातात मरिनाचा, म्हणजे बोटींच्या धक्क्याचा, पूल चालवतो. उंच शिडाची बोट आली की बॅरियर पाडायचे, पूल वर घ्यायचा, बोट गेली की खाली. बटणं दोनच, पण ती दाबायची कधी, हे सगळ्यांनाच जमत नाही. आज बोट आली नाही.

४ फेब्रुवारी
हमद टाउनमधून आमच्या मुलीसाठी, सुहासाठी, स्थळ आलं. मुलगा अर्सलान, एसीच्या कंपनीत इंजिनियर. वडील जमालुद्दीनभाई, मूळचे आमच्या दापोलीकडचेच, स्पेअर पार्टचं दुकान. फोनवर त्यांनी विचारलं, आपण काय करता. तोंडातून निघून गेलं, मरीन ट्रॅफिक कंट्रोलर. खोटं काय त्यात? ट्रॅफिक मरीन आहे आणि कंट्रोल मी करतो.

बायको, अकीला, म्हणाली, सरळ सांगा ना, पूल उघडतो म्हणून. तिला डेझिग्नेशनमधलं काय कळतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
मंडळी येत्या गुरुवारी घरी येणार. त्या दिवशी सगळं खरं सांगायचं. पक्कं. खलास.

८ फेब्रुवारी
सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. मंडळींना आधी पुलावर बोलवायचं, मग तुबलीला घरी. एवढा पूल डोळ्यांसमोर उभा राहिला की कंट्रोलर का ऑपरेटर, कोण विचारतो? जमालुद्दीनभाईंना तसा फोन केला. नुसतं म्हणाले, इंशाल्ला. भारावले असणार.

१० फेब्रुवारी
बारीकशी अडचण. बोट असल्याशिवाय पूल उघडायचा नाही असा नियम आहे. राजनला पटवला. हा मल्याळी, एका मालकाची शिडाची बोट सांभाळतो. म्हणाला, ट्रायल के नाम पे निकालेगा भाई, टेन्शन मत लो. गुरुवारी त्याला माझा फोन देणार. पुलाखालून व्हिडिओ काढायचा, वर केबिनमध्ये मी. त्याच्या स्वतःच्या फोनचा कॅमेरा मफी, चालतच नाही.

१२ फेब्रुवारी
युनिफॉर्मला इस्त्री केली. सुहा म्हणाली, अब्बा, प्लीज डोंट मेक इट अ शो. मी म्हणालो, शो नाही बेटा, इंट्रोडक्शन.

भीती मात्र आहेच. आजवर तिने प्रत्येक स्थळाला बघण्याआधीच नाही म्हटलं. याला पहिल्यांदाच म्हटलेलं नाही. हे माझ्यामुळे मोडलं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार, संध्याकाळी ५
सगळं रेडी. अकीला सांदणांचा डबा घेऊन केबिनमध्ये बसली आहे. बाहेरच्यांना इथे मनाई आहे, पण बायको बाहेरची कशी? राजनची बोट निघाली. मंडळींची गाडी वळणावर दिसते आहे. यल्ला, चला!

१४ फेब्रुवारी
काल पुढे लिहायची इच्छा नव्हती.

पूल झोकात वर गेला. गाडी बॅरियरला थांबली, रांगेत पहिली. इथपर्यंत प्लॅनप्रमाणे. मग राजन पुलाखाली आला आणि बोट तिथेच थांबवून शूटिंग करत बसला. खाली बोट असली की सेन्सर पूल खाली येऊच देत नाही. मी हात हलवला, पुढे जा. त्याला वाटलं, मी व्हिडिओसाठी हलवतोय. त्यानेही हलवला. मी दोन्ही हात हलवले. त्याने अंगठा दाखवला. अकीलाच्या फोनवरून माझ्या नंबरवर कॉल केला, तर त्याने कट केला. नंतर म्हणतो, भाई, किसी का बार बार फोन आ रहा था, व्हिडिओ खराब हो जाता.

मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न. रांगेत एक टॅक्सी, टॅक्सीत ऑफिसातून आलेली सुहा. जमालुद्दीनभाईंच्या मिसेस जमीलाभाभी उतरल्या आणि तिला आपल्या गाडीत घेऊन गेल्या. मला काचेतून सगळं दिसत होतं. गाडीत सगळे हसत होते. पूल आवडला म्हणायचा, असं मी अकीलाला म्हणालो. तिने डब्याचं झाकण लावून टाकलं.

शेवटी पूल खाली आला. मी टोपी सावरत पोचलो तोवर मुलांचं बोलून झालेलं, दोघांचा होकार झालेला, आणि जमीलाभाभींनी सुहाला खजूर भरवून तोंड गोड केलेलं. मुलीचा बाप मी, आणि मला बातमी बॅरियरपाशी मिळाली.

अर्थात, पूल वेळेवर खाली आला असता तर मुलं एवढी निवांत बोलली असती का? क्रेडिट कुणाचं, हे ज्याचं त्याने समजावं.

जमालुद्दीनभाईंना बाजूला घेऊन म्हटलं, कंट्रोलरबद्दल जरा सांगायचं होतं. ते म्हणाले, लतीफभाई, सुहाने अर्सलानला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं की अब्बा पूल चालवतात. आम्हाला त्यात काही कमीपणा वाटला नाही, वाटला तो तुम्हाला. मी टोपी काढून हातात घेतली. फार लाज वाटली.

१७ फेब्रुवारी
जमालुद्दीनभाईंचा फोन. निकाह ईदनंतर. सनाबिसचा हॉल त्यांनी बघून ठेवला आहे, जेवणाचंही ठरवतील. मी म्हणालो, मुलीकडच्या पाहुण्यांची ने-आण माझ्याकडे द्या, ट्रॅफिकचा मला अनुभव आहे. त्यांनी आधी हॉलचा पत्ता पुन्हा सांगितला. मग म्हणाले, भाई, एकच विनंती. त्या दिवशी तुम्ही सकाळपासून आमच्याच गाडीत बसा. म्हणजे सगळे असतील त्याच बाजूला तुम्हीही असाल.

रागवायचं ठरवलं होतं. जमलं नाही. हो म्हणालो.