चिमणीचे निरोप

९ मार्च
हे दवाखान्यातून घरी आले. लिफ्ट दुरुस्त करताना विजेचा धक्का बसला, हृदय थांबलं, डॉक्टरांनी परत चालू केलं — एवढंच मी सगळ्यांना सांगत होते. आज त्यांनी मला पुढचं सांगितलं. मधल्या वेळात त्यांना चिमणी भेटली. आमची लेक. पिवळा फ्रॉक घातलेला, हसत होती म्हणे.
ती जाऊन तीन वर्षं झाली. मी यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून पोटभर रडले. किती हलकं वाटलं!

१७ मार्च
यांनी चर्चमध्ये उपासनेत चिमणी भेटल्याची साक्ष दिली. बायका हुंदके देत होत्या. पाळक म्हणाले, पुढच्या रविवारीही बोला.  सासूबाई मात्र घरी आल्या आल्या भिंग घेऊन पवित्र शास्त्र वाचत बसल्या.

२४ मार्च
यांना रोज काहीतरी नवीन आठवतं. आज म्हणाले, चिमणीची उंची वाढली आहे.
मी खूश झाले. मग उगाच अंगावर काटा आला.

२ एप्रिल
दुकानात पडदे शिवायचं काम संपलं म्हणून मी दुपारीच घरी आले. आतून यांचा आवाज. बोलायचे, थांबायचे, पुन्हा बोलायचे. फोन तर बाहेर टेबलावर होता. दार ढकललं — चिमणीच्या रिकाम्या पलंगासमोर जमिनीवर बसलेले.
"ती विचारते, आई कधी येणार?"
मी म्हटलं, देव नेईल तेव्हा.
"तेवढं थांबायची गरज नाही म्हणते. गच्चीवरच्या टाकीत उतरलीस की झालं."
असं म्हणाले, जणू येताना साबण आण म्हणतायत.

४ एप्रिल
गच्चीवर गेले होते. कपडे वाळत घालायला नाही. झाकण उचललं. पाणी अगदी स्थिर होतं, त्यात माझा चेहरा. बराच वेळ उभी होते.
खालून सासूबाईंनी हाक मारली.

५ एप्रिल
सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी गच्चीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली.  मग जवळ बसवून घेतलं.
"माझा मुलगा आहे तो. त्याला खोटारडा म्हणत नाही मी. पण त्याला काय दिसलं, यावर आपली आशा टांगलेली नाही."
मग कशावर?
त्यांनी पानावर बोट ठेवलं. प्रभू मेलेल्यांतून उठला, म्हणून जे त्याचे आहेत तेही उठतील, आणि हाक मारणारा तोच असेल. मेलेली माणसं जिवंतांना बोलावून नेतात, असं यात कुठेही नाही. उलट शौल राजा मेलेल्याला विचारायला गेला आणि पुढे लढाईत आपल्याच तलवारीवर पडून मेला, ते वाच, म्हणाल्या.
मी चिडले. यांच्याकडे माझ्या लेकीचं हसू आहे, आणि तुम्ही मला कागद दाखवता!
सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मलाही नात हवीच आहे गं. म्हणून तर खात्रीचं तेच धरून बसले आहे."

८ एप्रिल
वाचते. काही वाटत नाही. तरी वाचते.

९ एप्रिल
यांना निक्षून सांगितलं, तिचे निरोप मला नकोत.  हे पलीकडच्या खोलीत जाऊन कुजबुजले. मग माझ्याकडे आले — "तिला राग आलाय."
माझ्या चिमणीला इतका राग कधीच येत नसे.

११ एप्रिल
जेवता जेवता हे रडायला लागले. सासूबाईंच्या देखत म्हणाले, "मला काहीच दिसलं नव्हतं. नुसता अंधार होता. तू इतकी खचली होतीस, म्हणून चिमणीचं बनवून सांगितलं."
माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. म्हणजे ते पलंगासमोरचं बोलणंही खोटंच ना, मी विचारलं.
यांनी नकारार्थी मान हलवली.
"ते नाही. मी खोटं सांगितलं, आणि त्यानंतर ती खरंच यायला लागली."
मी यांचा हात घट्ट धरला. सासूबाई मोठ्याने वाचू लागल्या. आतून कसलाच आधार वाटत नव्हता. तरी एकेक शब्द त्यांच्यामागून म्हणत राहिले.