गुलाबी ठिपका

६ मे
वाडीत खोली मिळाली, नोकरीही मिळाली! सीताबर्डीतल्या नव्या चित्रदालनात येणाऱ्यांना चित्रं समजावून सांगायची. खाप्याहून आई फोनवर म्हणाली, "धनश्री, लोकायले सोताचे डोळे नाहीत का?" खोलीत सोबत राहणारी नूपुर मोबाईलच्या दुकानात असते. भारी बडबडी. कूलर तिने माझ्याकडे वळवून दिला.

९ मे
मुख्य भिंतीवर एकच मोठं चित्र, 'शहर'. माणूस नाही, घर नाही. करडे पट्टे, पिवळे चौकोन, लाल ओरखडे. चित्रकार वारले, अर्थ कुणाला सांगून गेले नाहीत. मालकीण दामिनी मॅडम म्हणाल्या, लोकांना अर्थ लागतो, तू सांग. दिवसभर उभं राहून सांगितला. हा पिवळा चौकोन म्हणजे आपल्या कोपऱ्यावरची रसवंती. लोक खूश. माझे पाय सुजले.

१० मे
रस प्यायला गेले तर रसवंती नाही. तिथे भिंत, तीही जुनी, पोपडे आलेली. शेजारचे पानवाले गणपतराव म्हणाले, "इथं रसवंती कधीच नव्हती बेटा. ऊन लागलं तुले." लागलं असेल.

१४ मे
काल एका हिरव्या फटकाऱ्याला बसथांब्यावरचा कडुनिंब म्हटलं. आज थांब्यावर सावली नाही. बुंधा नाही, खड्डासुद्धा नाही. मॅडमना म्हटलं, मी अर्थ सांगणार नाही. मग तुला ठेवलं कशाला, म्हणाल्या. भांडायचंही त्राण नाही. यापुढे नुसतं रंग, रेषा, पोत बोलेन.

१७ मे
तसंच बोलत राहिले. सगळं जागच्या जागी होतं. दुपारी नूपुर मला न्यायला आली, चित्रासमोर थांबली, हसली. "हा गुलाबी ठिपका तं मीच हाय वं! कशी मस्त झोपून राहिली पाह्य!" मी तिचं तोंड दाबलं. उशीर झाला होता. ऑटो पाहते म्हणून ती बाहेर गेली.

१८ मे
खोलीत एकच पलंग. फोनमध्ये तिचा नंबर नाही. घरमालकीण रुख्माबाई म्हणाल्या, "तू तं आल्यापासून एकटीच हायस. काहून असं बोलून राहिली?" तिच्या दुकानातही कुणाला—

१९ मे
सुट्टी होती, तरी गेले. चित्रासमोर म्हणत राहिले, ही नूपुर नाही, नुसता रंग आहे. नुसता रंग. घसा बसला. ठिपका तसाच. फक्त जरासा वर — खाली — झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा —

२० मे
नोकरी सोडते म्हणून सांगायला आले. मॅडम पाहुण्यांत आहेत. उभं राहवत नाही, बाकावर बसून लिहिते आहे. एक बाई चित्रापाशी वाकली. म्हणते, इथं खाली कुणीतरी बसलंय बघा, थकलेलं — मांडीवर वही —

मॅडम माझ्याकडे वळल्या. मी मान हलवते आहे, नको — आवाज फुटत नाही — त्या हसल्या. म्हणताहेत, अय्या, खरंच की, ही तर आपली ध